एका नंबराची किल्ली

४ फेब्रुवारी

मिस्त्रींशी आज वाजलं. म्हणजे मीच वाजवलं, ते नेहमीसारखे चहात बिस्किट बुडवत बसले होते.

मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर. खऱ्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. आमचं ॲप छोट्या दवाखान्यांसाठी आहे. डॉक्टरांची वेळ घ्यायची, रिपोर्ट बघायचे, पुढच्या तारखेची आठवण मोबाइलवर मिळवायची. त्याची वीट न् वीट त्यांनी रचली, म्हणून मिस्त्री.

नवा कायदा आला आहे. माणसाने म्हटलं, माझी माहिती मिटवा, की मिटवायची. ठरलेल्या मुदतीत आणि सगळीकडून. किती साधी मागणी आहे! आणि आमच्याकडे नेमकं तेच होत नाही. पेशंटची एक नोंद आली की तिची एक प्रत आठवणी पाठवणाऱ्या सर्व्हिसकडे जाते, एक बिलांकडे, एक आकडेवारीकडे. शिवाय सगळ्यांची मिळून एक प्रत दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर — इथे आग लागली, पूर आला तर हाताशी असावी म्हणून. 'मिटवा' असं बटण आहे. ते दाबलं की नोंद फक्त दिसेनाशी होते. खोलीत पसारा तसाच आणि वर पडदा ओढलेला.

मी म्हटलं, "सर, ही लोकांची फसवणूक आहे."

"फसवणूक नाही, घाई आहे," ते म्हणाले. "घर बांधलं तेव्हा कोणी मोरी मागितली नव्हती. आता राहत्या घरात मोरी काढायची तर सगळ्या फरश्या उखडाव्या लागतील."

"मग उखडू."

"उखडणारे हात कुठले आणायचे?"

मी माझे दोन्ही हात वर केले. सगळे हसले. हसण्यासारखंच दिसले असेन. पण 'फसवणूक' हा शब्द सगळ्यांसमोर वापरायला नको होता. हा माणूस सुट्टीच्या दिवशीही सर्व्हर बंद पडला तर चपला घालून धावत येतो. घरी येईपर्यंत तोच शब्द टोचत राहिला.

६ फेब्रुवारी

बाबा वर्कशॉपमध्ये सांगत फिरतात, आमची मुलगी ढगात काम करते. 'क्लाउड'चं त्यांनी केलेलं भाषांतर. शेजारच्या मशीनवरच्या वेल्डरकाकांनी विचारलं म्हणे, पगार तरी खाली येतो का?

जेवताना आईने विचारलं, "पण तू दिवसभर नक्की करतेस काय गं?"

"सध्या लोकांची माहिती कशी पुसायची ते बघतेय."

"पुसायला एवढं शिकलीस? ते तर मी न शिकता करते."

दादाला हसता हसता ठसका लागला. मी चिडले. म्हटलं, तुला नाही कळायचं. आई वाढायला म्हणून उठली ती परत आमच्यात बसलीच नाही.

घरातली पहिली पदवीधर झाल्याचं हे एक वाईट होतं — 'तुला नाही कळायचं' फार पटकन तोंडात येतं. फी भरायला कोणी ओव्हरटाइम केला ते विसरून. उद्या आईला नीट समजावून सांगेन.

९ फेब्रुवारी

नाही सांगितलं. डोक्यात दुसरंच होतं.

आज मात्र सापडलं! प्रती शोधत फिरायचंच कशाला? प्रत्येक पेशंटची माहिती कुलपात ठेवायची. कुलूप म्हणजे माहितीचं असं रूप करायचं की किल्लीशिवाय ती वाचताच येऊ नये. मग त्या कुलूपबंद पेट्यांच्या हव्या तेवढ्या प्रती हव्या त्या देशात जाऊ देत. किल्ली मात्र एकच, आणि ती आमच्याकडे. माणसाने म्हटलं मिटवा, की किल्ली नष्ट करायची. सगळ्या पेट्या जागच्या जागी मेल्या. फरश्या उखडायला नकोत.

ही युक्ती माझी नाही, वाचलेली आहे. पण आमच्या घराला ती बसते हे मला दिसलं.

मिस्त्रींना फळ्यावर काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण एक आहे. भिंत चुकली तर मी पाडून पुन्हा बांधतो. नष्ट केलेली किल्ली परत येत नाही."

"तेच तर हवंय ना, सर."

"हो. तेच हवंय खरं," म्हणाले आणि फळा न पुसता गेले. इतर वेळी लगेच पुसतात.

१७ फेब्रुवारी

किल्ली कोणाच्या नावाने करायची?

मी म्हटलं, माणसाच्या. मिस्त्री म्हणाले, "माणूस दाखव."

मी दाखवायला गेले आणि दाखवता येईना. आमच्या ॲपमध्ये माणूस नाहीच. मोबाइल नंबर आहे. त्या नंबराखाली दवाखान्यातल्या लोकांनी घाईत टाइप केलेली नावं — कुठे 'आई', कुठे 'बाळ', कुठे 'मिसेस', एकच बाई तीन स्पेलिंगांनी. सुरुवातीला ठरलं तेव्हा सोपं वाटलं असणार, एक नंबर म्हणजे एक पेशंट. त्यावर सगळं उभं राहिलं. आता माणसं वेगळी काढायची तर प्रत्येक दवाखान्यात प्रत्येकाची नोंदणी नव्याने करावी लागेल. कायद्याची मुदत तेवढी थांबणार नाही.

"नंबराला एक किल्ली," मिस्त्री म्हणाले. "मुदतीत बसतं. माणसं नंतर वेगळी करू." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण योजना माझी.

आमच्या घरात मी बारावीत जाईपर्यंत एकच फोन होता, बाबांच्या खिशात. माझा दहावीचा निकाल आधी वर्कशॉपला कळला. मला घरी पेढ्यांच्या खोक्यावरून कळला. एका नंबराच्या मागे किती जण उभे असतात ते त्या खोलीत सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं. तरी मी होकारार्थी मान डोलावली.

'नंतर' म्हणजे काय ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळतं.

२ मार्च

सुरू झालं. आजपासून येणारी आणि असलेली सगळी माहिती कुलपात.

कंपनीच्या वकीलबाईंना माझी सही हवी होती — मिटवण्याची मागणी आली तर माहिती सर्व प्रतींतून कायमची जाते, अशी. त्यांनी चष्म्यावरून मिस्त्रींकडे पाहिलं. "आणि बाहेरच्या देशातलं जुनं कोठार? कुलपांच्या आधीचं?"

"रिकामं करायला घेतलंय."

"घेतलंय की झालंय?"

"झाल्यातच जमा."

मी सही केली. झाल्यातच जमा म्हणजे झालेलं नाही, हे मला कळत होतं. पण सगळे उभे होते, पेन हातात होतं, आणि केक कापायचा थांबला होता.

११ मार्च

मिटवण्याची पहिली मागणी आली! एका दवाखान्याचा एक नंबर. किल्ली नष्ट झाली. मी मुद्दाम प्रत्येक कुलूपबंद प्रत उघडायचा प्रयत्न केला. नुसती अक्षरांची खिचडी. मागणारं माणूस कोण, कसं, का, काहीच कळलं नाही. न कळणं हेच तर काम!

फार दिवसांनी स्वतःबद्दल चांगलं वाटलं.

१९ मार्च

हेल्पलाइनवरच्या मुलीने दुपारी मला बोलावलं. म्हणाली, "हा माणूस सकाळपासून चौथ्यांदा फोन करतोय. तूच बोल. मला नाही ऐकवत."

पहिल्या मागणीचा तोच नंबर. आवाज थकलेला, पण बोलणं अदबीचं.

"ताई, आमच्या आईचे सगळे रिपोर्ट गेले हो. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे तिचं. मागे एका ऑपरेशनला भूल दिल्यावर तिला कसलं तरी औषध सोसलं नव्हतं, जाता जाता वाचली होती. ते कुठलं औषध, ते त्याच रिपोर्टांत होतं. आता मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणतात, ते कळल्याशिवाय हात लावणार नाही. आणि दुखणं तर थांबत नाही."

मी विचारलं, दवाखान्यात कागद नाहीत का? नाहीत. तुमचं ॲप आल्यापासून त्यांनी कागद बंद केला. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठीही फोटो काढून ॲपवरच चढवलेली, मूळ चिठ्ठी कधीच हरवली. दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोन-तीन नावं आठवतात, खात्रीने एक सांगता येत नाही.

"मिटवा असं कोणी दाबलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही, ताई. घरात आम्ही चौघं, चौघांचं या एकाच नंबरावर. मी एकेकाला विचारलं. बाबांना दिसत नाही. बायको तर फोनला हातही लावत नाही. माझ्याकडूनच खिशात दाबलं गेलं असेल."

खिशात दाबलं जाऊ शकत नाही. 'नक्की मिटवायचं का?' असं दोनदा विचारतं ॲप, ते मीच लिहिलं आहे. पण मी त्याला म्हटलं, "होतं असं कधी कधी." तो रडायच्या बेतात होता, आणखी काय म्हणणार?

तक्रारीच्या नोंदीत मी लिहिलं: चुकून मिटवले गेले.

मग वॉशरूममध्ये जाऊन उभी राहिले. एकाचं बोट आणि चौघांची माहिती. ती म्हातारी कशी असेल कोण जाणे. माझ्या डोळ्यांसमोर आमचीच आजी येत राहिली.

२० मार्च

सकाळी मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, सर, तुम्ही सांगितलं होतंत, किल्ली परत येत नाही. तुमचं खरं झालं. आता मी त्या घराला काय सांगू?

त्यांनी दार लावलं.

"किल्ली नाही येत. पण जुनं कोठार आहे."

मला आधी कळलंच नाही. दुसऱ्या देशातलं ते जुनं कोठार — कुलपांच्या आधीच्या प्रती, उघड्या, वाचता येतील अशा — त्यांनी रिकामं केलेलंच नव्हतं. "एवढं मोठं कोठार फुंकर मारून रिकामं होत नाही. आणि खरं सांगू? धाडस झालं नाही. आयुष्यभर मी जपून ठेवायचंच काम केलंय."

"मी सही केली होती, सर."

"माहीत आहे."

"तुम्ही समोर उभे होतात."

"तेही माहीत आहे, पोरी."

मला एकाच वेळी त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं आणि त्यांचे पाय धरावेसे वाटले. यातलं काहीच केलं नाही. विचारलं, त्या कोठारातून फक्त आईचे रिपोर्ट काढता येतील?

ते हसले, पण तोंड कडू करून. "काढता येतील तसे. पण कुणाचे कुठले ते कोण ठरवणार? नंबराखाली 'आई' दोनदा आहे, 'मिसेस' आहे, एक नुसतं आडनाव आहे. म्हातारीची चिठ्ठी कशाखाली चढवली असेल, सांग. चुकीची निवडली तर टेबलावर जाईल ती. आणायचा तर पूर्ण नंबर आणायचा."

२१ मार्च

वकीलबाईंच्या खोलीत बैठक.

त्या आधी माझ्यावर चिडल्या, मग मिस्त्रींवर, मग पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "नीट ऐका. मिटवायची मागणी आली होती. आपण परत आणलं तर कायदा मोडला. मागणी करणाऱ्याने स्वतः सांगितलं की परत आणा, तरच काही मार्ग आहे."

मी म्हटलं, "नियम माणसांसाठीच केलेत ना? तिकडे एक बाई ऑपरेशनसाठी ताटकळली आहे."

"भाषण नको. मागणी करणारा कोण आहे?"

आणि मला चटकन सुचलं. किती बरं वाटलं होतं सुचलं तेव्हा! मागणी त्या नंबरावरून आली होती. मग संमतीही त्या नंबरावरूनच घेऊ. नंबरावर कोड पाठवू, त्यांनी कोड सांगितला की मागणी करणाऱ्याची संमती सिद्ध. आमच्या सिस्टीमच्या लेखी नंबर म्हणजेच माणूस. वकीलबाईंनी पेन वाजवत विचार केला. "कागदावर बसतंय," त्या म्हणाल्या. "दवाखान्याला कळवा."

दवाखान्याला कळवायचं काम सिस्टीम आपोआप करते.

मी स्वतः फोन केला. तो माणूस कोडचे आकडे एकेक करून, सावकाश वाचत गेला, जसे काही ते आईच्या नाडीचे ठोके होते. मागून भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी हळू आवाजात विचारलं, "कोणाचा फोन?" तो म्हणाला, "आईच्या कामाचा."

नोंदी परत आल्या. मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. चिठ्ठी सापडली — 'मिसेस' या नावाखाली. औषधाचं नाव त्यात स्पष्ट होतं.

२४ मार्च

ऑपरेशन नीट झालं. त्याचा मेसेज आला: ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

२५ मार्च

उपकार कसले. आगही मीच लावली, बंबही मीच बोलावला.

माझी सही खोटी ठरली आहे, ते राहतंच. मी वकीलबाईंना म्हटलं, जुनं कोठार आजवर उघडं होतं हे आपण स्वतःहून सरकारी कार्यालयाला कळवायला हवं. त्या म्हणाल्या, "कळवू. तुझं नाव त्यात येणार, माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. दुपारी मिस्त्री येऊन सांगून गेले की पत्रावर त्यांचंही नाव घालायला सांगितलंय, माझ्या वर. "वयाने मोठा आहे," म्हणाले. कोठार रिकामं करायला आजपासून खरोखर घेतलं. ते स्क्रीनसमोर बसलेत आणि एकेक प्रत जाताना बघतायत. मी जवळ गेले नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. पेटी, किल्ली, नंबर, म्हातारी, सही. भाजी निवडता निवडता तिने सगळं ऐकलं. एकदाही अडली नाही. उगाच घाबरत होते मी, तिला कळणार नाही म्हणून. किंवा कळेल म्हणून.

"नोकरी जाईल का?" तिने विचारलं.

"जाऊ शकते."

"म्हातारी वाचली ना?"

"वाचली."

"मग जेव आता."

मी जेवले. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले. तरी सहीचं मनातून जात नाही. त्या दिवशी केक थांबला असता तर काय बिघडलं असतं?

२७ मार्च

माणसं वेगळी काढण्याचं काम आजपासून सुरू. माझ्याच हट्टाने. प्रत्येकाची नोंद वेगळी आणि प्रत्येकाची किल्ली त्याची त्याची. वर्ष लागेल म्हणतात. लागू दे. मिस्त्री म्हणाले, "आता तू मिस्त्री झालीस." मला ते आवडलं, आणि आवडल्याची थोडी लाजही वाटली.

३० मार्च

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. बाई आहेत. एवढ्या दिवसांत मी त्यांच्याशी एकदाही बोलले नव्हते.

'मिटवा' त्या घरातल्या सुनेनेच दाबलं होतं. नवरा आंघोळीला गेला असताना, त्याच फोनवरून. तिला एवढ्यात मूल नको होतं. जानेवारीत तिने दवाखान्यात गुपचूप त्यासाठीचं इंजेक्शन घेतलं होतं. पुढच्या इंजेक्शनची आठवण घरच्या फोनवर येणार हे कळल्यावर ती घाबरली. सासूबाईंचंही जाईल हे तिला माहीत नव्हतं. नोंदी परत आल्या तशा त्या आठवणींच्या सर्व्हिसकडेही गेल्या, आणि सर्व्हिसने आपलं काम चोख केलं. परवा सकाळी नवऱ्याच्या हातातल्या फोनवर मेसेज आला, 'मिसेस' या नावाने, इंजेक्शन कशाचं त्यासकट.

"मला एक फोन करायचा होतात," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

ती आता त्या घरात नाही. मी विचारलं, कुठे आहे ती? बरी आहे ना?

"ते मी तुम्हाला नाही सांगणार."